त्रास थांबला, मग आता तपासायचं काय?

या खेपेला वीस वर्षांखालच्या पोरांची आणि त्यांच्या आईबापांची पत्रं इतकी आली की रक्तदाब आणि गुडघेवाल्यांना मी पुढच्या महिन्यावर ढकललंय. त्यांनी रागावू नये. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं काढली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी सरकारी दवाखान्यात ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी असलेल्या खोलीत सव्वीस वर्षं बसले. त्या पाटीमुळे अर्धे पेशंट दारातूनच परत जायचे, म्हणून मी ती दोनदा काढायला लावली. दोन्ही वेळा बांधकाम खात्याने नवीन रंगवून परत लावली.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रूम घेऊन राहतो. दीड महिन्यापूर्वी माझे एका मैत्रिणीशी संबंध आले. ती २० वर्षांची आहे. चार दिवसांनी लघवीला आग व्हायला लागली आणि सकाळी चड्डीवर पिवळट डाग दिसले. रूममेट म्हणाला, उष्णता आहे, सब्जा पी. तीन दिवस सब्जा प्यायलो. मग बसस्टँडच्या मुतारीत एक नंबर चिकटवलेला होता, तिथे गेलो. त्यांनी ‘धातू जातोय, पुढे संसार होणार नाही’ असं सांगून दोन इंजेक्शनं दिली, पुड्या दिल्या आणि साडेतीन हजार घेतले. वर मेडिकलमधून सिप्रोच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या. आता काहीच त्रास नाही. मैत्रिणीलाही काहीच त्रास नाही. मग तपासायचं काय राहिलं? तिला सांगितलं तर ती माझ्यावर संशय घेईल. घरी कळता कामा नये. काहीच त्रास नाही, तरी झोप लागत नाही.

उत्तर : ‘काहीच त्रास नाही’ हे तू एका पत्रात तीनदा लिहिलंस, म्हणजे तुझा तुलाच विश्वास नाही. ते बरं आहे.

आधी उष्णता आणि धातू बाजूला ठेवू. सब्जाने पोट थंड राहत असेल, लघवीच्या नळीतले जंतू त्याने मरत नाहीत. आणि पिवळा, चिकट स्राव म्हणजे धातू नव्हे, तो पू आहे. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत आग आणि पू सुरू झाला, तर माझ्या पिढीचे डॉक्टर पहिलं नाव घेतात गनोरियाचं. आपल्याकडचा जुना शब्द परमा. बऱ्याचदा त्याच्या जोडीने क्लॅमिडिया नावाचा दुसरा जंतूही आलेला असतो. तो गुपचूप राहणारा, एक ते तीन आठवड्यांनी थोडी आग, थोडं पाणी, किंवा काहीच नाही.

आता तुझा त्रास गेला कसा? दोन शक्यता आहेत. गनोरियाचा जोर काही आठवड्यांनी औषधाशिवायही ओसरतो आणि जंतू आत तसेच राहतात. किंवा सिप्रोने त्यांना अर्धमेलं केलं असेल. सिप्रोफ्लॉक्सासिन हे एके काळी यावरचं हुकमी औषध होतं, पण आपल्या देशातल्या बहुतेक गनोरियाच्या जंतूंनी त्याला जुमानणं कधीच सोडलंय. मेडिकलवाल्याला हे ठाऊक नसतं, आणि तू त्याला नेमकं काय होतंय ते सांगितलंही नसणार. ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणाला असशील. सगळे तेच म्हणतात.

पण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ते नाही. ती दोन इंजेक्शनं. सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढली होती का? बाटलीवर काय लिहिलं होतं? आठवत नसेल, तर मैत्रिणीपेक्षा त्या माणसाकडून काही मिळाल्याची काळजी मला जास्त आहे. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही उष्ट्या सुईतून जातात. साडेतीन हजार देऊन तू कदाचित नवीन धोका विकत घेतलास.

तेव्हा तपासायचं बरंच राहिलंय. कसं जायचं ते सांगते, कारण पोरं आजाराला घाबरत नाहीत तेवढी खिडकीला घाबरतात. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. केसपेपरच्या खिडकीवर बाबा ओरडून विचारतो, ‘काय होतंय?’ मागे पंचवीस माणसांची रांग. तिथे फक्त ‘स्किन’ म्हणायचं. खोटं नाही ते, विभाग तोच. आत गेल्यावर डॉक्टरला खरं सांग. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजात थोडे लागतात, पण तुझ्या पुड्यांपेक्षा खूपच कमी.

रक्ताच्या तपासण्या चार : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, आणि सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर. सिफिलिस म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणायचे ती. तिची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरून येते आणि माणूस विसरून जातो. आज या तपासण्या निगेटिव्ह आल्या तर नाचू नकोस. संबंधाला दीड महिना झालाय, सुईला त्याहून कमी. सरकारी केंद्रातल्या एचआयव्हीच्या झटपट चाचणीचा खात्रीचा निकाल तीन महिने उलटल्यावर मिळतो, म्हणून दोन तारखा घ्यायच्या, एक आजची आणि एक तीन महिन्यांनंतरची. दुसरी तारीख मोबाइलमध्ये टाक, डोक्यात राहत नाही. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तरी लगेच कोसळू नकोस. इतर कारणांनीही ती कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते, मग टीपीएचए ही दुसरी चाचणी करून खात्री करतात. आणि खरी निघाली तर सुरुवातीच्या सिफिलिसला पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं, डोळ्यांदेखत नव्या सुईने दिलेलं. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह असेल आणि लहानपणी लस झाली नसेल, तर तिचे तीन डोस घेऊन टाक.

लघवीची तपासणी राहिली. गनोरिया आणि क्लॅमिडिया शोधायची चांगली चाचणी म्हणजे लघवीच्या पहिल्या धारेतली एनएएटी, जंतूची जनुकं शोधणारी. जायच्या आधी तासभर लघवी करायची नाही, आणि मधली धार नको, पहिलीच धरायची. ही नेहमीच्या लघवी तपासणीच्या नेमकी उलट सूचना आहे, म्हणून पोरं चुकतात. खासगी लॅबमध्ये ही होते, महाग पडते. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी ती करत नाहीत. तिथे लक्षणं पाहून औषध देतात.

त्याची एक गंमत आहे. एड्स नियंत्रणवाल्यांकडून आमच्या खोलीत रंगीत खोके यायचे. राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. पू येत असेल तर राखाडी, जखम असेल तर पांढरा, पुटकुळ्या असतील तर लाल, बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा. चाचणीच्या निकालासाठी पेशंट परत येईलच याचा भरवसा नसलेल्या देशात ही शहाणी पद्धत आहे. आला की खोका हातात. पण हिची आंधळी बाजू ही, की ज्याला लक्षणच नाही त्याच्यासाठी कुठल्याच रंगाचा खोका नाही. आणि तुझी मैत्रीण नेमकी त्यात बसते.

हे मी स्वतः उशिरा शिकले. एक पोरगा, तुझ्याच वयाचा, गॅरेजमध्ये कामाला. नखांत ग्रीस. पहिल्यांदा आला तेव्हा ‘मित्राला होतंय’ म्हणाला. मी म्हटलं, मित्राची चड्डी दाखव. हसला, राखाडी खोका घेऊन गेला, बरा झाला. दीड महिन्याने परत. परत खोका. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला झापलं. चौथ्यांदा आला तेव्हा तो मला म्हणाला, ‘मॅडम, मी तर दुसरीकडं कुठं जातच नाही, एकीकडंच जातो.’ मी चार वेळा एकालाच औषध दिलं होतं. झापायचं मला होतं. पाचव्या खेपेला तो तिला घेऊन आला, तिला काहीच होत नव्हतं, दोघांना एकाच दिवशी औषध दिलं. तो परत आला नाही, म्हणजे आला, पण वर्षाने, नायट्यासाठी.

बाईला हे दोन्ही जंतू बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाहीत, आणि आत जाऊन गर्भनलिका चिकटवून टाकतात. कळतं ते आठ-दहा वर्षांनी, ‘मूल का होत नाही’ म्हणून तपासायला गेल्यावर. कमी वयात तर धोका जास्तच, कारण विशी उलटेपर्यंत गर्भाशयाच्या तोंडाचा नाजूक, आतला थर बाहेरच्या बाजूला थोडा पसरलेला असतो आणि जंतूला तोच आवडतो. म्हणूनच इंग्लंडने २००३ पासून पंचविशीच्या आतल्यांसाठी क्लॅमिडिया शोधायची मोहीमच काढली, लक्षणं असोत-नसोत. अमेरिकेतही संबंध असलेल्या पंचविशीखालच्या मुलींना दरवर्षी तपासा असं सांगतात. आपल्याकडे तशी मोहीम नाही. आपल्याकडे तूच मोहीम.

तिला सांगायचं कसं, तर समोरासमोर जमत नसेल तर मेसेज कर. पाल्हाळ नको, आरोप नको, माफीनामाही नको. ‘मला एक इन्फेक्शन झालं होतं. ते तुलाही असू शकतं, त्रास नसला तरी. मी दवाखान्यात जातोय. तूही चल, किंवा तुझी तू जाऊन ये. औषध दोघांनी घ्यायला लागतं.’ एवढंच. कुणाकडून कुणाला आलं हा पंचनामा करू नका, तो बहुतेक वेळा कुणालाच लावता येत नाही. ती चिडेल. चिडू दे. दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस संबंध नकोत, आणि पुढे निरोध. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, खोलीबाहेरच्या पेटीतून उचलायचा, कुणी सही मागत नाही.

घरचं राहिलं. तू सज्ञान आहेस. एचआयव्हीची चाचणी तुझ्या संमतीने होते, आधी समुपदेशक बोलतात आणि रिपोर्ट तुझ्याच हातात देतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. खासगी लॅबमध्ये मात्र फॉर्मवर नंबर स्वतःचाच टाक. एका पोराने सवयीने वडिलांचा टाकला होता, आणि लॅबच्या कार्ट्याने रिपोर्टची पीडीएफ बापाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. वडील माझ्याकडे आले ते चप्पल हातात घेऊनच.

जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, एड्सची हेल्पलाइन. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे, अकरावीत. दोन महिने तिच्या अंगावरून पांढरं जातं, खाज आहे. गावातल्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, ‘कुणाबरोबर काही केलंस का?’ ती रडत बाहेर आली. मीही घरी येऊन तिला नको ते बोलले. आता ती कुठल्याच डॉक्टरकडे यायला तयार नाही. शेजारीण म्हणते, वय कमी असलं की डॉक्टर पोलिसांत कळवतात. काय करू? (बार्शी तालुका)

उत्तर : ताई, त्या डॉक्टरांनी प्रश्न चुकीचा विचारला नाही, चुकीच्या माणसासमोर विचारला. आणि तुम्ही जे बोललात त्याबद्दल तिच्याशी आज रात्री भांडी घासताना, तिच्याकडे न बघता, ‘मी घाबरले होते’ एवढं बोला. समोर बसवून माफी मागायला गेलात तर ती उठून जाईल. सोळा वर्षांच्या आहेत त्या.

आता आजाराकडे. या वयात पांढरं जाणं हे फार वेळा काहीच नसतं. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, चिकट पाणी जातं, ते शरीराचं नेहमीचं काम आहे. खाज असेल आणि दह्याच्या कण्यांसारखं असेल, तर ती बहुतेक बुरशी. तिला संबंध लागत नाहीत. मध्ये तापासाठी भारी अँटिबायोटिक झालं असेल, साखर वाढली असेल, किंवा घट्ट नायलॉनच्या लेगिंग्ज दिवसभर अंगात असतील, तरी होते. आणि एक गोष्ट बघा, तिच्या चड्ड्या कुठे वाळतात? आपल्याकडे मुलींच्या चड्ड्या टॉवेलखाली दडवून, नाहीतर न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घालतात. उन्हाचं तोंड बघत नाहीत त्या. दमट चड्डी दुसऱ्या दिवशी परत अंगात. दोरी अंगणात आणा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

हिरवट रंग, घाण वास, ओटीपोटात दुखणं, ताप किंवा पाळीशिवाय रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं.

जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तिथे समुपदेशक असते, बाईच असेल असं विचारून घ्या. तिथे बाहेरून बघतील, लघवी आणि साखर तपासतील, लागलाच तर कापसाच्या काडीने स्राव घेतील. आत काही घालून तपासायची सहसा गरज पडत नाही, आणि मुलगी नको म्हणाली तर नको. हे तिला घरून निघण्याआधीच सांगा, तिची निम्मी भीती तीच असते.

आणि डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर बसा. मी काय करायचे सांगते. आई हटत नसली तर मी तिला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवायचे. शिक्क्याची काही गरज नसायची. आमचा शिपाई तयार झालेला होता, तो त्यांना ‘साहेब जेवायला गेलेत’ सांगून दहा मिनिटं धरून ठेवायचा. तेवढ्यात मुलगी बोलायची.

शेजारणीचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते स्पष्ट सांगते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. तिच्याशी संबंध आले असल्याचं डॉक्टरला कळलं तर कलम १९ प्रमाणे कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. पण पांढरं जातं म्हणून कुणी पोलिसांना फोन करत नाही. मी मुलींना पहिल्या वाक्यातच सांगायचे : तू जे सांगशील ते या टेबलावरच राहील, एक गोष्ट सोडून. आणि ती गोष्ट कोणती ते तिने तोंड उघडण्याआधी सांगायचे. बोलून झाल्यावर सांगणं म्हणजे दगा. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी वाट मोकळी केली, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. लैंगिक आजारांच्या तपासणीबद्दल असं कुणी स्वच्छ बोललेलं नाही. दोन सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं प्रेम आणि एखाद्या नराधमाचा अत्याचार कायद्याने एकाच कलमात बांधलाय, आणि त्याची किंमत मी माझ्या खोलीत बघितली आहे. पोरं येतच नाहीत. मुतारीतल्या नंबरवाल्याकडे जातात.

तरीही दुसरी बाजू विसरू नका. एखाद्या लहान मुलीत असा आजार निघणं हा काही वेळा अत्याचाराचा पहिला पुरावा असतो, आणि करणारा ओळखीतला असतो. मुलीच्या बोलण्यात तसं काही आलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि थेट दवाखान्यात न्या. आधी एफआयआर आणा, मग तपासतो, असं कुठल्याही दवाखान्याला म्हणता येत नाही. घटना ताजी असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पुढे २८ दिवस घ्यायची. ७२ तास घरात रडण्यात सहज जातात.

प्रश्न : मी एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. हल्लीच्या मुलांचं वागणं बघून अकरावी-बारावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची रक्ततपासणी सक्तीने करावी असा ठराव शिक्षक सभेत आला. काहींना वाटतं प्रवेशाच्या वेळीच रिपोर्ट मागावा. मी ‘आधी शिकवू’ म्हणालो तर पालकांनी ‘अश्लील’ म्हणून तक्रार करायची धमकी दिली.

उत्तर : सर, ठराव फाडून टाका. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही, १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी रिपोर्टची अट घालता येत नाही. मुख्याध्यापकांना एवढं वाक्य पुरेल.

कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. तपासणी कुणाची, तर ज्याला धोका आहे त्याची, आणि त्याला स्वतःला हवी असेल तेव्हा. चारशे पोरांना रांगेत उभं करून रक्त काढलंत, तर ज्याचं एकाचं खोटं पॉझिटिव्ह येईल त्याचं नाव संध्याकाळपर्यंत स्टँडवर पोचेल. आणि ज्या दोघांना खरंच गरज आहे ते त्या दिवशी गैरहजर राहतील. तुम्हालाही हे ठाऊक आहे.

शिकवा. मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाला बोलवा, मुलं-मुली वेगळी बसवा, आणि बोलण्याआधी चिठ्ठ्यांचा डबा फिरवा. मी गेले तिथे निम्म्या चिठ्ठ्या उंची, मुरुम आणि स्वप्नदोषाच्याच निघायच्या. मग एखादी घडी घालून घालून सुपारीएवढी केलेली चिठ्ठी निघते, तिच्यासाठी जायचं. तक्रारीचं म्हणाल तर ही परंपरा जुनी आहे. र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये खटला झाला तो वाचकांच्या अशाच प्रश्नांना आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरं दिली म्हणून. वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी दंड झाला. माझ्यावर अजून कुणी खटला भरलेला नाही, फक्त एका आजोबांनी वर्गणी बंद केली.

एका ओळीचे प्रश्न : डासाने एचआयव्ही होत नाही. हॉस्टेलच्या संडासाच्या सीटवरून गनोरिया होत नाही, घाण वाटते ती वेगळी. सलूनमध्ये नवीन ब्लेड मागाच, हिपॅटायटिस बी साठी. सातारच्या मुलीला : जांघेतली गाठ रेझरने केस काढल्यावर आली असेल तर बहुधा केसतोड आहे, फोडू नकोस, आठवड्यात गेली नाही तर दाखव. ‘फक्त एकदाच’ संबंध आले तरी आजार होतो का असं सात जणांनी विचारलंय. होतो. जंतू हजेरीपट बघत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, मुलगा १६. डॉक्टर म्हणतात कॅन्सरची लस द्या. आई (माझी) म्हणते, लग्नाआधी पोरीला असलं इंजेक्शन कशाला, लोक काय समजतील. मुलाला पण देतात म्हणे, ते खरं का? आमची द्राक्षबाग आहे. (तासगाव)

उत्तर : दादा, तुम्ही बागायतदार आहात म्हणजे मला फार बोलावं लागणार नाही. डावणी रोगाचा डाग पानावर दिसल्यावर फवारता, की ढग भरून आले की फवारता? डाग दिसल्यावर फवारणारा त्या साली बाग विकतो. ही लस तशी आहे. एचपीव्ही हा विषाणू संबंधातून पसरतो, इतका सर्रास की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना गाठतो. पुष्कळदा आपोआप जातो, काही बायकांत वर्षानुवर्षं राहतो आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करतो. हे दाखवून दिलं म्हणून हाराल्ड त्सुर हाउजेन या जर्मन डॉक्टरांना २००८ चं नोबेल मिळालं. आत शिरलेला विषाणू लसीने जात नाही, म्हणून ती त्याच्याशी गाठ पडण्याच्या आधी द्यायची. मुलीच्या चारित्र्याशी तिचा संबंध पोलिओच्या डोसाइतकाच. उद्या ती अगदी तुमच्या मनासारखं लग्न करेल, तरी जावयाचा इतिहास तुमच्या सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो.

आजींना सांगताना ‘पिशवीच्या कॅन्सरची लस’ म्हणा. त्यांच्या पिढीत गावात या दुखण्याने गेलेली एखादी बाई त्यांना नक्की आठवेल, ‘अंगावरून जाऊन जाऊन गेली’ असं तेव्हा म्हणायचे. ती आठवण निघाली की त्या स्वतःच पोरीला घेऊन येतील. असं मी बघितलंय.

मुलाला देतात, हेही खरं. जननेंद्रियावरचे चामखीळ आणि घशाचे काही कॅन्सर याच विषाणूचे, आणि मुलाकडून पुढे सुनेकडे जातो तोही हाच. पुण्यात सीरमने बनवलेली सर्वाव्हॅक ९ ते २६ वयाच्या मुलामुलींना देता येते. २०२३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा एका डोसाची किंमत दोन हजार होती. परदेशी लस याहून महाग पडते. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते का ते विचारा, मग खासगीत जा. दंडावर घ्यायची, हात दिवसभर दुखतो. किशोरवयीन पोरं कुठलंही इंजेक्शन घेताना कधीकधी चक्कर येऊन पडतात, म्हणून बसवून द्यायची आणि पंधरा मिनिटं थांबवायचं. मुलीने लस घेतली तरी तिशीनंतर तिथली तपासणी चुकवायची नाही, सगळे प्रकार लसीत येत नाहीत.

मुलगा पंधरा ओलांडून गेलाय, त्याला डब्यावरच्या सूचनेप्रमाणे तीन डोस लागतील, आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. मुलगी चौदाच्या आत आहे, तिला दोनच, मध्ये सहा महिने. तिची तारीख लक्षात ठेवायला तुम्हाला वही नको. पहिला डोस एप्रिलच्या खरड छाटणीला द्या, दुसरा ऑक्टोबरच्या फळछाटणीला.